खेळाडू परत येतो तेव्हा

१८ मार्च १९९५ या दिवशी अमेरिकेतील वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत एक फॅक्स येऊन पडला. (फॅक्स म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कागदाची नक्कल दूरच्या गावी उमटविण्याची सोय. तुमच्या आईवडिलांनी ती वापरली असेल.) पत्रक एका खेळाडूचे होते आणि त्यात त्याचे स्वतःचे शब्द अवघे दोन होते. मराठीतही ते दोनच शब्दांत सांगता येतात : ‘मी परतलोय.’

खेळाडूचे नाव मायकेल जॉर्डन. बास्केटबॉल खेळणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांनी ते ऐकले असेल. शिकागो बुल्स या संघाला त्याने १९९१, १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. १९९३ च्या जुलैमध्ये त्याच्या वडिलांची हत्या झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आता सिद्ध करण्यासारखे काही उरले नाही असे सांगून त्याने खेळ सोडला. १९९४ साली तो चक्क बेसबॉल खेळला. त्यात मात्र त्याला यश आले नाही. आणि सतरा महिन्यांनी हा फॅक्स!

फॅक्स येण्यापूर्वी आठ-दहा दिवस शिकागोत अफवांचे पीक आले होते. बुल्स संघ जेथे सराव करी त्या इमारतीबाहेर चाहते आणि वार्ताहर ताटकळत उभे राहत. शहरातील क्रीडागारासमोर जॉर्डनचा पुतळा उभारलेला होता. लोक त्या पुतळ्याभोवती जमत. ज्या कंपन्यांच्या जाहिरातीत तो दिसे त्यांच्या शेअरचे भावसुद्धा चढले. एका माणसाने पुन्हा चेंडू हातात घ्यायचे ठरविले, एवढीच घटना. पण शहर जणू सणाला सजले.

दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरला. त्याने २८ वेळा चेंडू कडीकडे फेकला. त्यांपैकी फक्त ७ वेळा तो आत गेला. एकूण गुण १९. सामना बुल्स हरले.

आता सहा वर्षे पुढे या. मधल्या काळात जॉर्डनने आणखी तीन अजिंक्यपदे मिळविली होती, १९९९ च्या जानेवारीत दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली होती, आणि २००१ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो पुन्हा परतत असल्याचे जाहीर केले होते. या वेळी संघ वॉशिंग्टन विझार्ड्स. ३० ऑक्टोबर २००१ रोजी तो पहिला सामना खेळला. फेका २१, आत गेल्या ७, एकूण गुण १९. सामना विझार्ड्स हरले.

दोन्ही पुनरागमनांचा पहिला दिवस जवळजवळ सारखा! पण पुढे काय झाले ते पाहा. पहिल्या वेळी नवव्या दिवशीच त्याने न्यूयॉर्कमध्ये एका सामन्यात ५५ गुण केले आणि पुढच्या पूर्ण मोसमात बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले. दुसऱ्या वेळी विझार्ड्सने दोन्ही मोसमांत ८२ पैकी ३७ सामनेच जिंकले. अंतिम फेऱ्यांत संघाला एकदाही प्रवेश मिळाला नाही. जॉर्डनचे स्वतःचे गुण पाहिले तर १९९२-९३ मध्ये प्रत्येक सामन्याला सरासरी ३२.६, परतल्यावर १९९५-९६ मध्ये ३०.४, आणि दुसऱ्यांदा परतल्यावर २२.९ व नंतर २०.०.

माणूस तोच, खेळ तोच. मग फरक कशाने पडला? ‘वय झाले’ असे उत्तर तुम्ही पटकन द्याल. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. अर्थात, दोन वेळी संघ वेगळे होते, सहकारी वेगळे होते, हेही विसरून चालणार नाही. आपण मात्र आज शरीराकडे पाहू या. वय झाले म्हणजे शरीरात नेमके काय झाले?

एक नव्हे, अनेक घड्याळे

आपण समजतो की शरीरात वयाचे एक मोठे घड्याळ आहे आणि सगळे अवयव त्याच्या काट्यावर चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. दम, स्नायूंचे बळ, सांध्यांची झीज, मेंदूची चपळाई आणि हाताचे कसब यांची घड्याळे वेगवेगळी आहेत. काही जलद चालतात, काही सावकाश. काही मागे फिरविता येतात, काही येत नाहीत. परतणाऱ्या खेळाडूचे यश तो कोणत्या घड्याळाच्या भरवशावर खेळतो यावर पुष्कळसे अवलंबून असते.

दमाचे घड्याळ

सर्वांत जलद उतरतो तो दम. दम म्हणजे जोराचे श्रम करताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ती क्षमता. सराव थांबला की काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर पडते. दोन-तीन आठवड्यांत हा फरक मोजण्याइतका होतो. त्यानंतर स्नायूंतील तंतुकणिकांची क्षमता उतरू लागते. तंतुकणिका म्हणजे पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या जणू भट्ट्याच.

याबाबत अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली एक गाजलेला प्रयोग झाला. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला सांगितले. उठल्यावर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटलेली होती! तीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे झाले होते. त्यांची क्षमता तीस वर्षांत घटली होती हे खरे, पण त्या तीन आठवड्यांत घटली होती त्याहून कमी! म्हणजे तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जेवढे नुकसान केले तेवढे तीस वर्षांच्या वयानेही केले नाही.

गोष्ट येथेच संपत नाही. सहा महिने चालणे, हळू धावणे, सायकल चालविणे असा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवीत नेल्यावर या पाच जणांची सरासरी क्षमता पुन्हा त्यांच्या विसाव्या वर्षीच्या मूळ पातळीला पोहोचली. हृदयाचे कमाल ठोके काही वाढले नाहीत. ते वयाबरोबर कमी होतात आणि व्यायामाने परत येत नाहीत. पण आलेल्या रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेण्यात स्नायू तरबेज झाले.

हे पाच जण काही अव्वल खेळाडू नव्हते. तरीही यातून एक गोष्ट ध्यानात येते. ‘वय झाले’ असे आपण म्हणतो त्यातला मोठा भाग खरे तर ‘सराव सुटला’ हा असतो. जॉर्डनच्या पहिल्या पुनरागमनाला हे लागू पडते. तो बेसबॉल खेळत होता, रिकामा बसलेला नव्हता. पण बेसबॉलमध्ये क्षणभराची धाव आणि मग बराच वेळ उभे राहणे असते. बास्केटबॉलमध्ये मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पळापळ. एका खेळाने कमावलेले शरीर दुसऱ्या खेळाला जसेच्या तसे चालत नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात तो एका चित्रपटात काम करीत होता. चित्रीकरणाच्या जागीच त्याच्यासाठी बास्केटबॉलचे मैदान तयार करण्यात आले आणि रोज काम संपल्यावर तो तेथे इतर नामवंत खेळाडूंबरोबर सराव करी. दमाचे घड्याळ त्याने असे मागे फिरविले.

स्नायूंची आठवण

सराव सोडला की स्नायू बारीक होतात. पण ज्याने पूर्वी स्नायू कमावले आहेत त्याला ते दुसऱ्यांदा कमावणे सोपे जाते, हा आखाड्यातील अनुभव आहे. याचे एक कारण २०१० साली नॉर्वेतील ऑस्लो येथील शास्त्रज्ञांना उंदरांमध्ये सापडले. आपल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते, पण स्नायूच्या एका तंतूत अनेक केंद्रके असतात. स्नायूवर ताण वाढला की आधी नवी केंद्रके येतात आणि मग तंतू जाड होतो. पुढे काम थांबले की तंतू बारीक होतो, पण वाढलेली केंद्रके मात्र तशीच राहतात. कारखाना बंद पडला तरी कुशल कारागीर गावातच राहावेत तसे हे आहे. काम पुन्हा सुरू झाले की कारागीर शोधत हिंडावे लागत नाही. माणसातही अगदी असेच घडते की नाही याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

मग जॉर्डनला दुसऱ्या वेळी काय नडले? जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू. उडी, झेप, अचानक वळणे ही त्यांची कामे. वयाबरोबर हे तंतू इतर तंतूंपेक्षा अधिक घटतात आणि त्यांचा झटका मंदावतो.

येथे तुमचे भौतिकशास्त्र उपयोगी पडेल. उडीची उंची ही जमीन सोडतानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, एक खेळाडू ९० सेंटिमीटर उंच उडतो. त्यासाठी त्याला जमीन सोडताना सेकंदाला ४.२ मीटर एवढा वेग लागतो. आता त्याचा वेग फक्त दहा टक्क्यांनी कमी झाला असे माना. उंची किती कमी होईल? दहा टक्के? नाही! ०.९ चा वर्ग ०.८१. म्हणजे उंची एकोणीस टक्क्यांनी कमी होऊन साधारण ७३ सेंटिमीटर होईल. तब्बल १७ सेंटिमीटरचे नुकसान! बास्केटबॉलची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि आडव्या येणाऱ्या हाताच्या वरून फेक टाकायची असते. तेथे चार बोटांच्या फरकानेही चेंडू अडविला जातो. स्नायूंत थोडी घट झाली तरी खेळात ती अशी मोठी होऊन दिसते.

शिवाय प्रत्येक उडीनंतर खाली उतरावे लागते आणि त्या क्षणी गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिची दुरुस्ती फार संथ चालते. हे घड्याळ मागे फिरत नाही. २००२ च्या फेब्रुवारीत जॉर्डनच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या मोसमात तो ८२ पैकी ६०च सामने खेळू शकला.

एक पट्टी आणि पाच मिनिटे

आता एक प्रयोग करू या. साहित्य : ३० सेंटिमीटरची एक पट्टी आणि एक मित्र.

मित्राने पट्टी उभी धरावी, शून्याचा आकडा खाली. तुम्ही अंगठा आणि तर्जनी शून्याजवळ, पट्टीला न लागता, उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी. ती पडू लागताच तुम्ही चिमटीत पकडा आणि चिमटीशी कोणता आकडा आला ते पाहा. दहा वेळा करा आणि सरासरी काढा. गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या वस्तूचा नियम आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून तुम्हाला लागलेला वेळ असा निघतो : १० सेंटिमीटर म्हणजे ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि ३० म्हणजे ०.२५ सेकंद.

या वेळाला प्रतिक्रियाकाळ म्हणतात. डोळ्याने पाहिले, मेंदूला कळले, हाताला हुकूम गेला आणि बोटे मिटली, या साऱ्याचा तो वेळ. हाच प्रयोग घरी आईबरोबर, आजोबांबरोबर करून पाहा. वयाबरोबर हा काळ थोडा थोडा वाढत जातो. एवढ्याशा वाढीने काय बिघडते?

उत्तरासाठी क्रिकेटच्या मैदानावर चला. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज बॉब सिम्पसन १९६८ साली, भारताविरुद्धच्या मालिकेनंतर, कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाला. पुढे १९७७ साली केरी पॅकर यांनी बहुतेक नामवंत खेळाडू आपल्या सामन्यांसाठी नेले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने सिम्पसनला परत बोलाविले. वय ४१! समोर भारत, गोलंदाज बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना. सिम्पसनने पाच कसोटींत दोन शतकांसह ५३९ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने मालिका ३-२ अशी जिंकली. काही आठवड्यांनी तो वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. पहिल्या दोन कसोटींत तेथे रॉबर्ट्स, क्रॉफ्ट, गार्नर असे तेज गोलंदाज होते. त्या दौऱ्यात सिम्पसनच्या पाच कसोटींत मिळून धावा झाल्या १९९.

हिशेब करू. गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंतचे अंतर ढोबळमानाने १८ मीटर धरा. फिरकी चेंडूचा वेग ताशी ८१ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२.५ मीटर. त्याला पोहोचायला ०.८० सेकंद लागतात. तेज चेंडूचा वेग ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. त्याला ०.४५ सेकंद लागतात. यातून ०.२० सेकंद प्रतिक्रियेचे आणि बॅट फिरविण्याचे सुमारे ०.२० सेकंद वजा करा. फलंदाजाला विचार करायला फिरकीपुढे ०.४० सेकंद उरतात, तेज चेंडूपुढे केवळ ०.०५!

आता वयामुळे प्रतिक्रियाकाळ ०.०२ सेकंदाने वाढला असे समजा. फिरकीपुढे ०.४० चे ०.३८ होतील. फलंदाजाला ते जाणवणारही नाही. पण तेज चेंडूपुढे ०.०५ चे ०.०३ होतील. हातातला जवळजवळ निम्मा वेळ गेला! एकाच्या दोन दौऱ्यांवरून नियम काढणे शास्त्राला धरून होणार नाही. इतर कारणेही असू शकतात. परंतु तोच फलंदाज एकीकडे तरुण आणि दुसरीकडे वयस्क का भासू शकतो, हे या हिशेबावरून समजते.

न विसरणारे हात आणि बदलणारा खेळ

सर्वांत संथ घड्याळ कसबाचे. दहा वर्षे सायकलला हात लावला नाही तरी बसल्यावर तोल सांभाळता येतो. हजारो वेळा केलेल्या हालचालींचे ठसे अनुमस्तिष्कात आणि मेंदूच्या आतील भागांत पक्के बसतात. ते सहसा पुसले जात नाहीत. त्यात अनुभवाची भर पडते. समोरचा खेळाडू कोणत्या पायावर भार देतो आहे यावरून तो कोणीकडे वळणार हे जाणता खेळाडू आधीच ओळखतो. हालचाल मंदावली तरी ती आधी सुरू केली की वेळेवर पोहोचता येते.

जॉर्डनने नेमके हेच केले. तरुणपणी तो कडीपर्यंत झेप घेई. वय वाढले तसा तो मागे झुकत लांबून फेक टाकण्यावर अधिक भर देऊ लागला. तिला उडी कमी आणि नेम जास्त लागतो. २१ फेब्रुवारी २००३ रोजी, चाळिसावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले असताना, त्याने एका सामन्यात ४३ गुण केले. चाळिशी ओलांडल्यावर चाळीसच्या वर गुण करणारा या स्पर्धेतील तो पहिलाच खेळाडू. आणि ज्याच्या गुडघ्यावर वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली होती तो या मोसमात सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला!

पण एक घड्याळ शरीराबाहेरही असते. स्वीडनचा टेनिसपटू बियाँ बोर्ग १९८३ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवृत्त झाला. १९९१ साली तो माँटे कार्लो येथे परतला तेव्हा त्याचे वय ३४ होते, फार म्हणता येणार नाही असे. पण त्याच्या हातात जुनी लाकडी रॅकेट होती आणि समोरच्यांच्या हातात ग्राफाइटची. मधल्या आठ वर्षांत टेनिसच बदलले होते. १९९३ पर्यंतच्या या पुनरागमनात त्याला एकही सामना जिंकता आला नाही. त्याचे कसब गेले नव्हते. ते ज्या खेळाचे होते तो खेळ गेला होता.

चाहत्यांचे घड्याळ

आता आपण मैदानातून प्रेक्षकांत येऊ. १९९५ साली सगळे एकमुखाने आनंदले. २००१ साली मात्र चाहत्यांत तट पडले. काही म्हणाले, ‘पुन्हा पाहायला मिळणार, आणखी काय हवे?’ काही कळवळून म्हणाले, ‘नको, आता नको.’ एका अनोळखी माणसाच्या निर्णयाने लोक एवढे व्याकूळ का होतात?

पहिली गोष्ट, तो त्यांना अनोळखी वाटतच नाही. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी दाखवून दिले की पडद्यावर वारंवार दिसणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकांचे एकतर्फी नाते जडते. आपण तिला ओळखतो, ती आपल्याला ओळखत नाही. पण मनाला वाटणारी जवळीक खरीच असते.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतःच्या बोलण्यात तपासून पाहा. आपला संघ जिंकला की आपण म्हणतो, ‘आपण जिंकलो.’ हरला की? ‘ते हरले!’ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली नेमकी हीच गोष्ट संशोधनातून मांडली. अमेरिकेतील सात विद्यापीठांत त्यांनी पाहिले, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की नंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. संघाच्या विजयाबद्दल बोलताना ‘आम्ही’ हा शब्दही अधिक येतो. दुसऱ्याच्या यशाचा थोडा प्रकाश आपण आपल्या अंगावर पाडून घेतो. म्हणून आवडता खेळाडू थांबला की आपलेच काही हरवल्यासारखे होते आणि तो अडखळला की आपलीच मान खाली जाते.

तिसरी गोष्ट स्मरणाची. १९९३ साली डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात हात बुडवायला सांगितले. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. मात्र या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा निवडला! त्यात त्रास एकूण अधिक होता, पण शेवट जरा बरा होता. आपले मन अनुभवाची लांबी मोजीत नाही. ते त्याचा कळस आणि शेवट लक्षात ठेवते.

हे ध्यानात घेतले म्हणजे २००१ च्या नाराज चाहत्यांचे मन कळते. १४ जून १९९८ रोजी, अजिंक्यपदाच्या सामन्यात, ५.२ सेकंद उरले असताना जॉर्डनने शेवटची फेक टाकली आणि बुल्स ८७-८६ असे जिंकले. कळस आणि शेवट एकाच क्षणी! असे चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावल्यावर त्याच्यावर कोणी पुन्हा रंग लावायला निघाला तर राग येणारच. पण तो राग चित्रासाठी होता. माणसासाठी होता का? चाहत्यांचे घड्याळ १९९८ साली थांबले होते. माणसाची घड्याळे चालूच होती.

आणि आश्चर्य असे, की वॉशिंग्टनचे सभागृह तरीही खच्चून भरे. १६ एप्रिल २००३ रोजी फिलाडेल्फियात त्याचा शेवटचा सामना झाला. तो बाकावर बसला असताना प्रतिस्पर्धी गावचे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करू लागले. तो अखेरची काही मिनिटे पुन्हा मैदानात आला आणि सारे सभागृह उभे राहिले. त्याचा संघ हरत होता. ‘आपण जिंकलो’ म्हणण्यासारखे तेथे काहीच नव्हते. तरी लोक टाळ्या वाजवीत राहिले.

निर्णय कोणाचा?

आपल्या मुंबईचे विजय मर्चंट यांनी १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. वय ४० होते. त्याच सामन्यात त्यांचा खांदा दुखावला आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. लोक ‘का थांबलात?’ असे विचारतील तेव्हाच थांबावे, ‘का थांबत नाही?’ असे विचारेपर्यंत वाट पाहू नये, असे त्यांचे म्हणणे सांगितले जाते. जॉर्डनने याच्या उलट केले. मर्चंट बरोबर आणि जॉर्डन चूक असे विज्ञान म्हणेल काय?

नाही. परतण्याची किंमत किती हे विज्ञान सांगू शकते. दमाला सहा महिने लागतील, उडी पूर्वीइतकी होणार नाही, गुडघा साथ देईलच असे नाही, हात मात्र विसरलेले नसतील. ती किंमत मोजायची की नाही हे मोजणाऱ्यानेच ठरवायचे. गुडघा त्याचा आहे. आपल्याला दुःख झाले तर ते खरे आहे, पण ते आपल्या आठवणीचे दुःख आहे. त्याच्यावर हक्क सांगण्याचे ते कारण होऊ शकत नाही. पुढच्या वेळी एखादा आवडता खेळाडू निवृत्तीचा फेरविचार करील आणि तुमच्या वर्गात वाद पेटेल, तेव्हा आधी विचारा : आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत की आपल्याबद्दल?

आणि एक निरोप तुमच्यापैकी काहींसाठी. दहावीचे वर्ष आले म्हणून ज्यांनी खो-खो, कबड्डी किंवा पोहणे सोडले असेल, त्यांनी डॅलसच्या पाच जणांना आठवावे. वर्षभरात गेलेला दम सरावाने परत मिळविता येतो. पहिल्या दिवशी तुमच्याही २८ पैकी ७च फेका आत जातील. तेवढ्यावरून घरी परतू नका.